साळूबाईची सहावी वाटी

साळूबाईच्या फळीवर स्टीलच्या पाच वाट्या होत्या. सहावी कुठं आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच बोळात, चार घरं सोडून, बाळासो सुभेदारांच्या कपाटात. सगळ्या वाट्यांच्या बुडाशी टिंबाटिंबांनी 'साळूबाईस माहेरची भेट' असं कोरलेलं होतं, त्यामुळं कुणाची कुठली हा वाद नव्हता. पण ती मागायची सोय नव्हती. जिनं एका पंगतीत चर्चच्या जुन्या पाळकसाहेबांच्या ताटातून "साहेब, ही तुमची पाचवी, मागं लेकरं उपाशी हायत" म्हणून पोळी उचलली होती, त्या बाईला एक वाटी मागता येत नव्हती, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

पलूसच्या अलीकडं, उसाच्या रानांमधली ही वस्ती. मूठभर ख्रिस्ती घरं, एक बुटकं चर्च, पुढं कडुनिंब. साळूबाईनं उभी हयात पलूसच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करण्यात घालवली. नवरा लवकर गेला. एकच पोरगा, अर्जुना. मोठ्या पातेल्यात डाव फिरवून फिरवून तिचा आवाजही मोठा झाला होता, आणि देवाशी बोलतानासुद्धा तो खाली यायचा नाही. सकाळी भाकरी थापताना ती प्रार्थना करायची. म्हणजे देवाला फैलावर घ्यायची. पाऊस का नाही, गुडघा का दुखतो, शेजारणीची सून एवढी गुणाची कशी काय निघाली, अशी विचारपूस चालायची. शेवटी आमेन म्हणून तवा उतरवायची.

चर्चमध्ये बायबलातला उधळ्या पोराचा दाखला वाचून झाला की तिचा एक प्रश्न दरवेळी ठरलेला असायचा. पोरगं गेलं, बाप वाट बघत बसला, पोरगं आलं, पुष्ट वासरू कापलं, इथवर ठीक. पण त्या घरात आई कुठं होती? आई असती तर बाप गळ्यात पडायच्या आधी तिनं पोराला विचारलं असतं, जेवलास का. आणि वासरू कापायचं ठरल्यावर सगळी घरात चटणी हाय का, कांदा हाय का म्हणून ओरडत तिच्याकडंच आली असती. जुने पाळकसाहेब म्हणायचे, साळूबाई, हा आत्मिक विषय आहे. ती म्हणायची, असू द्या की, पण जेवायला किती माणसं होती?

हा प्रश्न ती थट्टेत विचारायची. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र विचारायची बंद झाली होती. कारण तिचं स्वतःचं पोरगं गेलं होतं. आणि तेही एका बोकडापायी.

त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, दरवर्षी सुगीनंतर उपकारस्तुतीचा सण होतो. ज्याच्या रानात जे पिकलं ते त्यानं चर्चमध्ये आणायचं. ऊस, भोपळे, शाळू, कोंबड्या, अंड्यांची टोपली. उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. लिलावाची गंमत अशी की तिथं कुणालाच वस्तू नको असते. बोली लावायची, जिंकायची आणि छाती काढून म्हणायचं, "देवाला परत." मग तीच वस्तू पुन्हा लिलावाला. मागं एकदा एक अंडं इतक्या वेळा देवाला परत गेलं की शेवटी फुटलं, तेव्हा कुठं सुटलं.

त्या वर्षी बाळासो सुभेदारांनी बोकड आणलं. सुभेदार म्हणजे फौजेतून पेन्शनीत आलेला माणूस, मंडळीचे ज्येष्ठ पंच. घरातली तुळससुद्धा सावधान उभी असायची. तुळस औषधाला ठेवली आहे, हे ते न विचारता सगळ्यांना सांगायचे. बोकड त्यांनी स्वतः वाढवलेलं. दाढीवालं, रुबाबदार, गळ्यात पितळी घंटी. पोरांनी बायबलातल्या दाढीवाल्या संदेष्ट्यावरून त्याचं नाव मोशे ठेवलं होतं. लिलावात मोशे एका दुपारी चारदा विकला गेला आणि चारही वेळा देवाला परत आला. तिन्हीसांजेला तो कडुनिंबाला बांधलेलाच होता. उरलेला माल पुढच्या रविवारी काढायचा अशी पद्धत. माणसांपेक्षा बोकडानंच देवाची जास्त सेवा केली, असं म्हणत सगळी घरी गेली.

आठवड्याच्या मध्यात मोशे गायब झाला.

त्याच दिवशी अर्जुनानं घरी मटणाची पिशवी आणली. वीस-एकविशीचं वय, कॉलेज अर्धवट, मोटरसायकल पूर्ण. म्हणाला, मित्राच्या पुतण्याचं जावळ होतं, त्यांनी दिलंय. साळूबाईनं विचारलं नाही. वसतिगृहात वरण ढवळून कंटाळलेल्या बाईपुढं कुणी कोवळं मटण ठेवलं तर ती आधी खोबरं भाजायला घेते, चौकशी मागाहून. तिनं असा रस्सा केला की बोळातली कुत्रीसुद्धा उंबऱ्यावर येऊन बसली. आणि मटण शिजलं की चार घरी वाटी जायची, ही बोळाची रीत. तशी सुभेदारांच्या घरीही गेली. सुभेदारीण तेव्हा आजारी, घरात मुगाची खिचडी. सुभेदारांनी स्वतः दारात येऊन वाटी घेतली आणि थोड्या वेळानं तीच घेऊन परत आले. "अजून असला तर बघ गं जरा." साळूबाईनं काठोकाठ भरून दिली.

शनिवारी मोशेची घंटी सापडली. अर्जुनाच्या मोटरसायकलच्या हँडलला. पोरगं चोर होतं, पण अक्कल नव्हती. खड्डा आला की घंटी वाजायची आणि त्याला ते झकास वाटायचं.

रविवारी उपासनेत सगळं बाहेर आलं. साळूबाई तेव्हा तिसऱ्या बाकावर गाणं म्हणत होती. पुढं सुभेदार उभे राहिले, अर्जुनाला शेजारी उभं केलं, घंटी वर धरली आणि बोलू लागले. तिच्या तोंडातलं गाणं तसंच चालू राहिलं, पोटात मात्र तिला मोशे उठून उभा राहिल्यासारखं झालं.

पंचांची बैठक बसली. तिथं अर्जुनानं तोंड चालवलं. बोकड नेलं, खाल्लं, एकट्यानं खाल्लं, असं कबूल केलं. मित्रांची नावं सांगितली नाहीत, घराचं नाव काढलं नाही. माफी माग म्हटल्यावर म्हणाला, "बोकड कुणाचं व्हतं ते सांगा, त्याची मागतो." पंच एकमेकांकडं बघू लागले. सुभेदारांनी ते देवाला दिलं होतं. ज्यांनी विकत घेतलं त्यांनीही देवाला दिलं होतं. मालक एकच निघत होता. "मग त्याची मी घरी मागीन," अर्जुना म्हणाला, "तुमी मधी कोण?"

सुभेदारांनी शिस्त लावली. मंडळीपुढं उभं राहून क्षमा मागेपर्यंत अर्जुनाला प्रभुभोजन नाही, मंडळीत लग्न नाही, काही नाही. अर्जुना त्याच आठवड्यात साताऱ्याला गेला, एका कारखान्यात लागला, आणि पुन्हा वस्तीची वेस ओलांडली नाही.

साळूबाई गप्प बसली. जिच्या तोंडाला बोळ घाबरायचा ती. आधी वाटलं, पोरगं निवळलं की सांगू. मग वाटलं, आता सांगून काय. मग सांगायची लाजच मोठी होत गेली, बोकडापेक्षाही मोठी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, आणि दर पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस पुढं यायच्या वेळेला तिची दाढ दुखायची. नाहीतर कुणाचंतरी लेकरू रडायचं आणि ती त्याला घेऊन बाहेर कडुनिंबाखाली जायची. रडत नसलं तर चिमटा काढायची. मंडळीला वाटायचं, बाई पोरावरून रुसलीय. सुभेदारांना काय वाटायचं ते कळायचं नाही, कारण त्या दिवसापासून त्यांनी तिच्याकडं नीट बघितलंच नव्हतं. आणि वाटी परत केली नव्हती.

कडुनिंबाखाली ती देवाला म्हणायची, "तुजं एक बोकड गेलं, माजं पोरगं गेलं. तुला बोकडं कितीतरी. माज्याकडं बघ जरा." देव बोलायचा नाही. तिला वाटायचं, वाटीचं विचारतोय बहुतेक.

मायलेकांची भेट व्हायची ती सांगलीत, विश्रामबागला बहिणीच्या घरी. साळूबाई डबा घेऊन जायची. अर्जुना वाळला, अर्जुनाच्या डोळ्याखाली काळं आलं, हेल्मेट घालतो का नाही, बाहेरचं तेलकट खातो, अशा काळज्या जाताना डब्यातून न्यायची आणि येताना दुपटीनं घेऊन यायची. बोकडाचा विषय दोघंही काढत नसत. एकदाच तिनं सुरुवात केली, "त्या दिवशी मी..." तर तो म्हणाला, "आये, लोणचं वाढ." पुढं सातारच्या मंडळीतली पूजा त्याला आवडली, लग्न कोर्टात झालं, साळूबाई जाऊन साक्षीदार म्हणून सही करून आली. पोरीची आई फोटो काढेपर्यंत रडत होती, चर्चमध्ये झालं असतं तर बरं होतं म्हणून.

मग त्यांना मुलगी झाली. आणि पूजानं पाय रोवला. लेकीचा बाप्तिस्मा झालाच पाहिजे. तिथल्या पाळकांनी अर्जुनाला सांगितलं, आधी आपल्या मंडळीशी मिटवून या. अर्जुनानं महिनाभर आदळआपट केली. शेवटी आईला फोन लावला.

"आये, मी येतो. उभा ऱ्हातो, मान खाली घालतो, म्हणतील ते म्हणतो. पण सुभेदार एक शब्द जास्त बोलला, तर पोरगी उचलीन आणि गाडीला किक मारीन. मग पुन्यांदा माज्या तोंडाकडं बघायचं न्हाई कुणी."

तेव्हापासून साळूबाईची झोप उडाली. एवढ्या लांबून तान्हं लेकरू मोटरसायकलवर आणतोय का गाडी करतोय? वारं लागलं तर? कानटोपी आहे का? ह्या सगळ्या काळज्या खऱ्या होत्या, पण त्यांच्या आड खरी काळजी बसली होती. सुभेदाराची जीभ. नातीला अजून तिनं फोनवरच बघितलं होतं. एक शब्द इकडचा तिकडं झाला की ती फोनवरच मोठी होणार होती.

नवे पाळकसाहेब भेटायला आले. पोरगेलेच होते, जत तालुक्यातले, नाव बिरदेव. घराणं मेंढरं राखणारं. कॉलेजात असताना येशूकडं आले, नाव मात्र बदललं नाही. आजीनं ठेवलंय, येशूची हरकत नाही तर तुमची कशाला, असं म्हणायचे. चहा घेता घेता त्यांनी येशूच्या दाखल्यातल्या हरवलेल्या मेंढराचा विषय काढला. चित्रात तो मेंढपाळ कसा हसत हसत मेंढरू खांद्यावर घेऊन येतो. "माझा बाप तसा कधीच आला नाही, मावशी. उन्हात चार कोस पायपीट करायचा. जाताना त्या मेंढराला, त्याच्या आईला, सगळ्या खानदानाला शिव्या घालत जायचा. सापडलं की आधी एक रट्टा, मग खांद्यावर. पण जायचा. न चुकता जायचा."

साळूबाईला ते पटलं. असा देव तिच्या ओळखीचा होता. तिनं तोंड उघडलं, सांगून टाकावं म्हणून. आणि म्हणाली, "साखर बरी हाय का?" पाळकसाहेब म्हणाले बरी आहे, आणि उठून गेले.

रविवार आला. नेमका महिन्यातला पहिला. अर्जुना भाड्याची गाडी करून आला होता, लेकराला कानटोपी होती, साळूबाईची निम्मी भीती तिथंच उतरली. नात तिच्याकडं बघून जांभई देऊन झोपली. पूजा पहिल्या बाकावर, शेजारी साळूबाई. चर्च गच्च भरलेलं. सणालाही एवढी माणसं येत नाहीत. बोकडाचा निकाल ऐकायला लोक तासगावहून आले होते.

सुभेदार उठले. थकले होते आता, पण पाठ तशीच ताठ. त्यांनी अर्जुनाला पुढं बोलावलं. अर्जुना गेला. हात मागं बांधलेले, मान खाली.

"बोकड तू नेलंस?"

"व्हय."

"कापलंस?"

"व्हय."

"खाल्लंस?"

"व्हय."

सुभेदार थांबले. त्यांचं झालं होतं. आता अर्जुनानं क्षमा मागायची, मंडळीनं हात वर करायचे, संपलं. पण पाळकसाहेबांना राहवलं नाही. मेंढरात वाढलेला माणूस. त्यांनी आपलं सहज विचारलं, "एकट्यानं?"

सुभेदारांना खोकला आला.

"व्हय," अर्जुना म्हणाला. "एकट्यानं."

"पण केवढं होतं बोकड?"

मागून कुणीतरी हातानं दाखवलं. पाळकसाहेब चकित झाले. "आमच्याकडं असल्या बोकडावर अख्खी पंगत उठते."

"भूक लागलती," अर्जुना जमिनीकडं बघत म्हणाला.

मागच्या बाकावर हशा पिकला. साळूबाई हसली नाही. तिला त्याचे मागं बांधलेले हात दिसत होते. एका हातानं दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं होतं, लहानपणी मार खाताना धरायचा तसं. पोरगं देवाच्या घरात, देवापुढं, आईसाठी ढळढळीत खोटं बोलत होतं. क्षमा मागायला आलेला माणूस नवं पाप करून चालला होता, आणि तेही तिच्या खात्यावर.

ती उभी राहिली.

"एकट्यानं न्हाई. मी शिजवलं."

"आये, खाली बस," अर्जुना म्हणाला.

"तू गप. लय बोललास." ती मंडळीकडं वळली. एवढी माणसं समोर असून आवाज मोठा करावा लागला नाही, तो बारीकच निघाला. "मी शिजवलं, मी खाल्लं, दोनदा वाढून घेतलं. कुणाचं ते ठावं नव्हतं. पण रविवारी कळलं, तवा गप्प बसले. माजं पोरगं हितं एकलं उभं व्हतं आणि मी तिसऱ्या बाकावर गाणं म्हणत व्हते. चोरी त्यानं केली. पण त्याला एकलं सोडलं ते मी."

पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, "मावशी, आणि कुणी खाल्लं होतं?"

सगळं चर्च तिच्याकडं बघत होतं. समोर सुभेदार, हात बाकाच्या कडेवर. इतकी वर्षं तिनं मनातल्या मनात हे वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं. सगळ्यांपुढं कधी म्हणायला मिळालं तर कसं म्हणायचं, कुठल्या शब्दावर थांबायचं, ते सुद्धा ठरलेलं होतं. आता संधी ताटात वाढून आली होती. आणि तिच्या लक्षात आलं, म्हणायचं नाहीये. कीव नव्हे, भलेपणा तर नव्हेच. तिला नुसतं वाटलं, म्हातारा उभ्या उभ्या पडेल.

"मला माजं सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "ते झालं." आणि बसली.

मग सुभेदार म्हणाले, "हिची एक वाटी माज्या घरात हाय."

लोकांना कळेना. त्यांनी फौजेत रिपोर्ट द्यावा तसं समोरच्या भिंतीकडं बघत सांगून टाकलं. दोन वाट्या रस्सा खाल्ला. घंटी सापडली तेव्हाच उमगलं. "माजं बोकड, मीच वाढवलेलं, मीच देवाला दिलेलं आणि मीच ओरपलं. पोराला शिक्षा केली की पोटातलं बोकड गप बसंल असं वाटलं. ते काय बसलं न्हाई." मग अर्जुनाकडं न बघता म्हणाले, "तू म्हणालतास, मधी मी कोण. मी चोरीचा माल खाणारा."

अर्जुनाला हे अपेक्षित नव्हतं. त्यानं एका जास्त शब्दाची तयारी केली होती, आणि सुभेदार तर भलत्याच बाजूनं बोलले होते. त्यानं मागं बांधलेले हात सोडले. मग म्हणाला, "सुभेदार, बोकड चांगलं वाढवलं व्हतं." चर्चमध्ये असं बोलायची पद्धत नाही, पण त्याला तेवढंच सुचलं.

पाळकसाहेबांनी तिघांना पुढं गुडघ्यावर घेतलं. सुभेदारांचे गुडघे वाकेनात, अर्जुनानं काखेत हात घालून त्यांना खाली बसवलं. साळूबाईला तो लहानपणी किती वेळा त्यांच्या खांद्यावर बसून इथं आला होता ते आठवलं. पाळकसाहेबांची प्रार्थना आखूड होती. ह्या लेकरांनी तुझं खाल्लं आहे, प्रभू, तू त्यांना ते माफ कर, आणि आता तुझ्या हातचं खायला घाल. आमेन. दोन-तीन म्हाताऱ्या मात्र मान खाली घालून उगाच पदर नीट करत राहिल्या. वाट्या चार घरी गेल्या होत्या.

मग तिथंच बाप्तिस्मा झाला, नातीच्या डोक्यावर पाणी पडलं तेव्हा तिनं अशी किंकाळी फोडली की तासगावकरांना येण्याचं सार्थक वाटलं. मग प्रभुभोजनाचं ताट फिरत फिरत आलं. साळूबाईची दाढ शांत होती. नात रडून रडून झोपली होती, चिमटा काढायचं कारण नव्हतं. तिनं भाकरीचा तुकडा घेतला. बोटांत धरल्याबरोबर कळलं, कालचाच आहे, नीट भाजलेला नाही. पुढच्या महिन्यापासून मी करीन, ती देवाला म्हणाली, तुला कुणी धड खायला घालत नाही. आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं म्हणून पटकन तोंडात टाकला.

घरी येताना अर्जुना भडकला होता. एवढी वर्षं तो गप्प राहिला, खोटं बोलला, घर सोडलं, ते काय तिनं असं सगळ्यांपुढं ओतून टाकायला? "मी तुला सांभाळत व्हतो, आये."

"तुला कुणी सांगितलं व्हतं?" ती म्हणाली. "सांभाळायचं काम माजं." मग चालता चालता त्याच्या सदऱ्याची बाही धरली, आणि घर येईपर्यंत सोडली नाही.

तिनं चूल पेटवली, खोबरं भाजलं. दुपार कलताना सुभेदार दारात आले. हातात सहावी वाटी. घरी आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून तिच्यात गुळाचा खडा. साळूबाईनं गूळ काढून घेतला, वाटी उजेडात धरली. कडेला मोठा पोचा.

"ह्ये काय?"

"एकदा रागानं फेकली व्हती मळ्यातल्या हिरीकडं."

"मग?"

"मग जाऊन आणली."

तिनं वाटी घासली, पुसली, काठोकाठ रस्सा भरला आणि सुभेदारांपुढं ठेवली. त्यांनी तिच्याकडं एकदा बघितलं, अर्जुनाकडं एकदा बघितलं, आणि वाटी उचलायच्या आधी घसा साफ केला.

"पोरा, ह्यो कुठनं आणला?"

अर्जुना कोपऱ्यातून उठला, खाटकाच्या दुकानाची पिशवी आणली आणि त्यांच्या पुढ्यात सावधान उभा राहून दाखवली. सुभेदारांनी ती नीट तपासली. मगच पहिला घोट घेतला.